मुक्ताबाईंचा तिसरा साक्षीदार

सरकारनं आमचं नाव ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी केलं, पण टेबलावरचा ढीग तसाच राहिला. जन्म, मृत्यू, पाणीपट्टी, घरकुलं, आणि लग्नाची नोंदणीसुद्धा माझ्याच गळ्यात. पारनेर तालुक्यातली दोन गावं सांभाळायची आणि रोज नगरच्या सावेडीहून स्कूटरवर हाडं खिळखिळी करत यायचं. त्यामुळं मुक्ताबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांच्याशी धड बोललो नाही, हे आधीच कबूल करतो.

"भाऊसाहेब, लग्नाचा दाखला पायजे."

"कुणाच्या लग्नाचा?"

"माज्याच."

साठीला टेकलेली बाई. मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. त्यांचा नवरा छगन बांधकाम खात्यात मैलकुली होता, रस्त्यावरचे खड्डे बुजवण्यात त्याची सगळी नोकरी गेली. आता दोन्ही किडन्या निकामी, आठवड्यातून दोनदा नगरला डायलिसिस. त्याच्या माघारी मुक्ताबाईंना पेन्शन मिळायची तर खात्याच्या कागदावर बायको म्हणून त्यांचं नाव हवं. आणि या बाबानं नोकरीला लागताना आईचं नाव लिहिलेलं, ते तसंच. आई जाऊन वीस वर्षं झाली, तरी हा गप्प. खातं म्हणालं, लग्नाचा दाखला आणा. दाखल्यासाठी नवरा-बायको दोघांनी माझ्यासमोर सह्या करायच्या असतात, म्हणजे जे काही करायचं ते छगनचा हात चालतोय तोवर.

मी यादी वाचली. वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा, फोटो, लग्नपत्रिका, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही, लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार.

"पत्रिका कुटली, भाऊसाहेब? आमचा पाट लागला हुता."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. मांडव नाही, वाजंत्री नाही, गुरुजी नाहीत. दिवस मावळला की चार पुरुष बसायचे, नवं लुगडं द्यायचे, कुंकू लावायचे, आणि बाईनं उठून नव्या नवऱ्याच्या मागं चालू लागायचं. सवाष्णींनी तर तिकडं बघायचंही नाही. असल्या लग्नाचा फोटो कोण काढतोय!

"पत्रिका आणि गुरुजींच्या सहीऐवजी प्रतिज्ञापत्र चालेल," मी म्हणालो. "पण पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला लागेल. आणि साक्षीदार तीनच हवेत."

"चार जन हुते. दोन मेले. माजा भाऊ मच्छिंद्र हाय, ह्यांचा चुलतभाऊ भिमाजी हाय. तिसरा कुटनं आनू, मसनातनं?"

"ते मला नका विचारू, कायद्याला विचारा," मी खेकसलो. त्या पिशवी उचलून निघून गेल्या. दिवसभर मला माझाच राग येत राहिला.

पुढच्या दोन महिन्यांत त्या सहा-सात वेळा आल्या. प्रतिज्ञापत्र झालं, फोटो झाले. अडलं ते मृत्यूच्या दाखल्यावर. एके दुपारी मी वैतागून विचारलं, "अहो बाई, त्या गावच्या ग्रामपंचायतीत अर्ज दिला की मिळतो. एवढं काय अवघड आहे?"

त्या बाकावर बसल्या आणि खाली बघून बोलल्या. पहिलं सासर शनिशिंगणापूरच्या अलीकडं. पाट लावून गेलेल्या बाईनं त्या घराची शीव ओलांडायची नाही, असं ठरलेलं. आणि त्या घरात त्यांचा मुलगा राहिलेला. गोरक्षनाथ, तेव्हा सहा वर्षांचा. सासरा म्हणाला होता, बाई तुमची, पोरगं आमचं. बत्तीस वर्षांत त्यांनी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

"जाऊन या," मी म्हणालो.

त्या गेल्या. देवळाच्या रस्त्यावर गोरक्षनाथाचं तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान आहे. त्यानं ओळखलं नाही. 'मावशी, तेल घ्या' म्हणाला. यांनी तेल घेतलं, मग त्याच्या बापाचं नाव सांगून दाखला मागितला आणि आपलं गाव आणि सह्यांचा दिवस सांगितला. तो पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला. "ते तेल द्येवाला व्हायलं अन् आले म्हागारी," त्या मला म्हणाल्या. "लई दमले बगा आता."

पंधरा दिवसांनी, डायलिसिस नसलेल्या दिवशी, छगनला रिक्षातून आणलं. मच्छिंद्र आणि भिमाजी आले होते. दाखला नाही, तिसरा साक्षीदार नाही. तरी आले होते, कारण छगनला पुन्हा आणता येईल याची खात्री नव्हती. मी फाइल उघडून नुसता बसलो.

तेवढ्यात चाळिशीकडं झुकलेला एक माणूस दारात उभा राहिला. त्यानं कुणाकडंही न बघता घडी केलेला कागद माझ्यापुढं ठेवला. त्याच्या वडिलांच्या मृत्यूचा दाखला होता. वळून निघाला, आणि थांबला.

"अजून काय ऱ्हायलंय?"

"लग्नाला हजर असलेला एक साक्षीदार."

"मी हुतो की."

मच्छिंद्रानं मान खाली घातली.

"ह्या मामानं मला गुळाचा खडा दिल्ता," गोरक्षनाथ म्हणाला. "म्हनला, आई बाजारला चाललीय, येती लगेच. मी वट्यावर बसून समदं बगितलं. कुंकू लावल्यालं बगितलं, गेल्यालं बगितलं. आना, कुटं सही करायची?"

मुक्ताबाई पदर तोंडात कोंबून रडत होत्या. छगननं सही केली. इतरांनी केल्या.

"नात्याच्या रकान्यात काय लिहू?" मी गोरक्षनाथाला विचारलं. विचारायला नको होतं, पण रकाना रिकामा सोडता येत नाही.

त्यानं टेबलावरचं पेन उचललं. "वळखीचा लिवा," म्हणाला.

मी मुक्ताबाईंकडं पाहिलं. "त्यो म्हनतोय तसं लिवा, भाऊसाहेब."

मी लिहिलं. सही करून तो गेला, चहालाही थांबला नाही. मी दाखला छापला, शिक्का मारला आणि मुक्ताबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"ह्याच्यात गोरक्षचं नाव कुटं हाय?"

"दाखल्यावर साक्षीदार येत नाहीत. ते अर्जावर असतात, अर्ज इथं ऑफिसात राहतो."

त्यांनी दाखला छगनच्या मांडीवर ठेवला, एखादा बिनमहत्त्वाचा कागद ठेवावा तसा.

"मग मला त्या अर्जाची झेरॉक्स द्या. माजं अन् त्याचं नाव एका कागदावर हाय."