मावशीची उदाहरणं

आमच्या मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याला भिजायला वेळच मिळत नाही. ती बोलत असते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ती घराच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. फळा कपाटाच्या दारावर टांगलेला आहे. त्यामुळे मावशीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या काकांना, स्वेटर हवा असला तर भूतकाळ संपेपर्यंत कुडकुडत बसावं लागतं.

मावशीचं ठाम मत असं की उदाहरण ओळखीचं असलं तरच शब्द डोक्यात बसतो. पुस्तकातले टॉम आणि मेरी तिला मुळीच चालत नाहीत. त्यांच्या घरी काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नाही, मग वाक्यात जीव कुठून येणार, असं ती विचारते. म्हणून तिच्या वर्गात भूतकाळ काकांच्या पडलेल्या दातांवर चालतो आणि भविष्यकाळ शेजारणीच्या वजनावर. तरी आजवर कुणाचं बिंग बाहेर फुटलं नाही, कारण वर्गाची एक रीत आहे. जाताना चपला घालायच्या आणि उदाहरणं तिथेच सोडायची. वर्गातल्या बस ड्रायव्हरला आमच्या घराण्याची कुळकथा पाठ आहे, पण बसमध्ये भेटला की हवेबद्दल बोलतो.

या वर्गात एक दिवस चष्मेवाले आले. चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे हे मालक. माझी ताई त्यांच्याकडे कामाला. परदेशी कंपन्यांशी सगळं इंग्रजी तीच बोलायची आणि हे शेजारी उभे राहून सगळं समजल्यासारखी मान हलवायचे. ही पोरगी उद्या सोडून गेली तर नुसती मान हलवून दुकान चालणार नाही, हे त्यांना उमगलं. पण हाताखालच्या माणसाच्या मावशीकडे शिकायला जायचं म्हणजे अब्रूचा प्रश्न. म्हणून ते ताकाला जाऊन भांडं लपवत स्वयंपाकघराच्या दाराने यायचे. मावशीने पहिल्याच दिवशी त्यांच्या या येण्याला क्लॅन्डेस्टाईन हा शब्द बहाल केला. अर्थ विचारल्यावर म्हणाली, ‘लपतछपत, आणि तोंडावर थोडी चोराची कळा.’

इकडे ताईने डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात अर्ज केला होता. उत्तर यायचं होतं. आधीच्या मदतनिसाने दुसरीकडे नुसती चौकशी केल्याचं कानावर आलं, तेव्हा चष्मेवाल्यांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. म्हणजे बातमी फुटली असती तर ताईची हातची नोकरी गेली असती आणि नवीचा पत्ता नाही. तिने फक्त मावशीला सांगितलं, अर्ज तपासून घ्यायला. आणि चष्मेवाले तिथे शिकतात याची ताईला कानोकान खबर नव्हती.

त्या संध्याकाळी चष्मेवाल्यांनीच विचारलं, ‘बाई, मी इथे येतो ते सीक्रेट की प्रायव्हेट?’

मावशी खुलली. हा प्रश्न कुणी विचारावा म्हणून तिने आयुष्य काढलं होतं. तिने समजावलं की तुमचं येणं सीक्रेट, कारण तुम्ही ते मुद्दाम लपवता. तुमचं वजन प्रायव्हेट. ते लपलेलं नाही, समोर दिसतंच आहे, पण त्यात नाक खुपसायचं दुसऱ्याला कारण नाही. आणि कुणी विश्वासाने आपल्या हवाली केलेलं असतं ते कॉन्फिडेन्शियल. ‘म्हणजे आता बघा, माझ्या भाचीने दवाखान्यात नोकरीसाठी अर्ज केलाय, ते तिने मला–’

पुढचं वाक्य खडूपाशीच थांबलं.

वर्गाने हाताची घडी, तोंडावर बोट असा जुना अभ्यास करून दाखवला. चष्मेवाले उठले. तेव्हा ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, ‘मालक, उदाहरण बाहेर न्यायचं नसतं. तुम्ही मागच्या दाराने येता हे आम्ही नेलंय का कुठे?’

चष्मेवाले परत खाली बसले.

त्यानंतर ताई घरी येऊन चमत्कारिक गोष्टी सांगू लागली. मालक एकाएकी गोड झाले होते. काचांची मागणी स्वतः इंग्रजीत लिहून तिच्याकडून तपासून घेत होते. माणूस आजारी तर नाही ना, अशी तिला काळजी. मावशी हे ऐकताना पदराचा बोळा तोंडात धरून बसायची. तिच्या जन्मात तिला इतकं अवघड काही करावं लागलं नव्हतं. दोनदा तिला खरोखरच उचकी लागली.

चष्मेवाल्यांचीही पंचाईत होतीच. ताई सांगायला येईल तेव्हा आश्चर्य वाटल्याचं दाखवायला हवं. त्यांनी ही अडचण वर्गात मांडली आणि सगळ्या वर्गाने त्यांच्याकडून ‘व्हॉट अ सरप्राईज’ घोटून घेतलं, भुवया वर आणि उजवा हात छातीवर नेऊन. हात मावशीच्या पद्धतीचा.

दवाखान्याचा होकार आला. ताई मालकांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘मला तुमच्याशी थोडं बोलायचं होतं.’

चष्मेवाल्यांनी भुवया उडवल्या, हात छातीवर नेला आणि म्हणाले, ‘व्हॉट अ सरप्राईज.’

ताईने अजून काही सांगितलंच नव्हतं.

ती त्या हाताकडे बघत राहिली. लहानपणापासून तो हात तिने शेकडो वेळा पाहिला होता, पण मावशीच्या छातीवर. सगळं तिच्या ध्यानात आलं. चष्मेवाल्यांचे कान लाल झाले. मग मराठीत, आणि म्हणून फार सोप्या शब्दांत, ते म्हणाले, ‘जा पोरी. मला कधीचं ठाऊक आहे. मागच्याला हाकललं तसं तुला हाकलता येईना. अडलं तर विचारायला येईन, तेवढं मात्र चालवून घे.’

तिथून ताई तडक मावशीकडे. मी तिथेच होतो, काकांबरोबर कपाट उघडायची वाट बघत.

‘मावशी, मी तुला विश्वासाने सांगितलं होतं.’

मावशीने खडू खाली ठेवला. चेहऱ्यावर अपराधी भाव होता, पण त्याच्यावर शाळेतली बाई चढून बसली होती. ‘अगं, मग मी तरी कुठे सीक्रेट म्हटलं? कॉन्फिडेन्शियलच म्हटलं होतं,’ ती म्हणाली. ‘विचार हवं तर वर्गाला.’

वर्गाने एकसाथ माना हलवल्या. मागच्या दारातून चष्मेवाले आत येत होते. काही न कळता त्यांनीही हलवली.