चार बोटं बाजाराची

दुपारचे दोन वाजून गेलेत. अन्वी एकदाची झोपलीय, म्हणजे डोळे मिटलेत. दूध सुटलं तरी ओठ आपले चुटूचुटू चालूच आहेत. सारिका तिच्या शेजारी चटईवर कलंडते ती नुसती पाठ टेकायला. चार वाजता शोरूमला जायचंय, झोपून कसं चालेल? पण सहा महिन्यांच्या लेकराची आई पाठ टेकते तेव्हा तिला एक चिंचोळी जागा सापडते. तिथं कान जागे असतात, बाळावर ठेवलेला हात जागा असतो, आणि बाकीचं सगळं अंग पाण्यात सोडल्यासारखं सावकाश खाली जात राहतं.

बाहेर शेडनेटमध्ये नाथा रोपांना पाणी घालतोय. मघाशी तो दारात डोकावून गेला, सकाळपासून तिसऱ्यांदा.

"वीस हजार कमी करतो म्हणालाय शोरूमचा भिंगे. हो म्हणून टाकू का? गाडी हातची जायची."

"आधी तिथं जाऊ तरी," असं काहीसं ती पुटपुटली.

नवरा भला आहे तिचा. इतका भला, की समोरच्यानं चहा पाजला की त्याच्याशी भावावरून घासाघीस करायची याला लाज वाटते. पिकअप तर पाहिजेच. भाड्याच्या टेम्पोत मिरचीच्या रोपांचे ट्रे उलथेपालथे होतात आणि गिऱ्हाईक दारातूनच परत पाठवतं. पण भिंगेची गाडी नऊ लाख चाळीसची. ती नऊ लाख दहाला मिळाली तरच यंदा दुसरं शेडनेट उभं राहील. नाहीतर दारात नवीकोरी गाडी आणि तिच्यात घालायला रोपंच नाहीत.

आप्पा असते तर, असं तिच्या मनात येतं आणि येता येता विरघळतं. आप्पा म्हणजे तिचे वडील. जनावरांच्या बाजारात चाळीस वर्षं दलाली केली त्यांनी. अन्वी जन्मायच्या सहा आठवडे आधी गेले. त्यांचा खांद्यावरचा लाल चौकड्यांचा रुमाल आता अन्वीच्या अंगावर असतो, माश्या बसू नयेत म्हणून. धुऊन धुऊन जाळीसारखा झालाय. तंबाखूचा वास कधीच गेला त्याचा. सारिका तो लेकीच्या छातीपर्यंत ओढते. तिचा हात रुमालाखालीच राहतो.

बाजार भरलाय.

एका रांगेत पिकअप बांधल्यात, पांढऱ्या, एकसारख्या, प्रत्येकीच्या गळ्यात नवं दावं आणि खुंटा ठोकलाय तो चकचकीत फरशीत. एसीची गार हवा सुटलीय, तिला कडब्याचा वास आहे. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला भिंगे शेणातून वाट काढत येतो.

"मॅडम, चप्पल राहू द्या, असू द्या. चहा?"

एका गाडीच्या मागून कुणीतरी उठून उभं राहतं. वाकून खालचं काही बघत असावं. धोतराचा सोगा झटकतं. आप्पा आहेत.

सारिका दचकत नाही. तिला एवढंच दिसतं, की आप्पांच्या पायात काही नाही. फरशी गार आहे आणि ते अनवाणी उभे आहेत. चपला कुठं ठेवल्या, असं विचारायला ती तोंड उघडते, आणि मग तिला आठवतं की त्या आईनं कोनाड्यात ठेवल्यात. ती विचारत नाही.

"आदत हाय," आप्पा गाडीच्या तोंडात बघत म्हणतात. "अजून दात पडलं न्हाईत. पाठ बरी हाय." ते मागं जातात, फाळका शेपटीसारखा उचलून बघतात, सोडतात. पत्र्यावर थाप मारतात. थापेसरशी पांढऱ्या पत्र्यावरून एक बारीक थरथर पळत जाते, माशी बसल्यावर बैलाच्या कातड्यावरून जाते तशी.

"खोड काय हाय हिला?" ते भिंगेला विचारतात.

"खोड कसली काका, तीन वर्षांची वॉरंटी आहे!"

"म्हंजे तीन वर्सं खोड निघणार, हे तुम्हालाच ठावं हाय."

भिंगे हसतो. सारिकापण हसते. हसताना तिच्या लक्षात येतं की आप्पा तिच्याकडे बघत नाहीयेत. आल्यापासून एकदाही बघितलेलं नाही. ते तिच्या कडेवर बघतायत, आणि कडेवर कुणी नाही.

"वीस कमी केलेत, आप्पा," ती घाईनं सांगते. "ह्यांना पटलंय. मला नऊ दहालाच पाहिजे."

"तोंडानं सांगितलेला भाव भाव नसतो, सारे. शंभर जण ऐकत्यात." आप्पा खांद्यावरचा रुमाल काढतात. लाल चौकड्या अजून गडद आहेत, नव्या असल्यासारख्या. "बस. आज तू बस सौद्याला."

"मला न्हाई येत."

"शिकवलं नव्हतं व्हय?"

शिकवलं होतं. ती माहेरच्या ओट्यावर बसलीय, नऊ वर्षांची. समोर आप्पा मांडी घालून, दोघांच्या हातांवर रुमाल. खेळच होता तो त्यांचा. रुमालाखाली समोरच्याची बोटं धरायची. एक धरलं तर एक, दोन धरली तर दोन. शेकड्यात, हजारात की दहा हजारात, ते आधी तोंडानं ठरवायचं. बाकी सगळं मुक्यानं. वर चेहरा दगडाचा ठेवायचा. आणि करंगळी कधी धरायची नाही.

"का?" ती विचारायची.

"चार बोटं बाजाराची. करंगळी माझ्या लेकीची."

कारण बाजारात गर्दीत हरवू नये म्हणून ती त्यांची करंगळी धरून उभी असायची. त्यांचा एक हात रुमालाखाली, दुसऱ्याच्या करंगळीला ती. सोनकी विकली त्या दिवशीपण अशीच उभी होती. सोनकी तिची कालवड. तिनं चारा घातलेली, तिनं नाव ठेवलेली. रुमालाखाली आप्पांची बोटं हलत होती आणि वर त्यांचा चेहरा दगडाचा होता. परतताना तिनं विचारलं होतं, कितीला दिली? रुमालाखालचं रुमालाखालीच राहतं, एवढंच ते म्हणाले होते. पुढं कधी विचारलं तरी एवढंच.

ओट्यासमोर सोनकीचा खुंटा रिकामा आहे. आप्पा रुमाल पसरतात.

"नऊ लाख तोंडानं झालं," ते म्हणतात. "आता वरचं बोटानं. एक बोट म्हंजे धा हजार. घाल हात."

ओटा शोरूमचं टेबल झालाय. पलीकडे भिंगे कागद नीट लावतोय. सारिका रुमालाखाली हात घालते. आत उबदार असेल असं तिला वाटलं होतं. आत विहिरीसारखा गारवा आहे.

एक हात येतो आणि तिची चार बोटं धरतो. चाळीस. ती ओढून घेते. परत येतो, तीन. ती मान हलवते. दोन. भिंगेचे वीस कमी झाले ते हे. आप्पा बाजूला उभे राहून आभाळाकडे बघतात, दलाल बघतात तसं. वर तिचाही चेहरा दगडाचा आहे. तिला स्वतःचंच कौतुक वाटतं. ती त्या हाताचं एकच बोट धरते, घट्ट. दहा. एवढंच.

हात थांबतो. विचार करतो. मग तिची बोटं एकेक करून सोडून देतो आणि तिची करंगळी धरतो.

"आप्पा," ती म्हणते, "करंगळी धरलीय यानं."

आप्पा आभाळाकडेच बघत राहतात.

तेव्हा तिला दिसतं. भिंगेचे दोन्ही हात वर आहेत. एका हातात पेन आहे आणि दुसऱ्यानं तो कागद सारखे करतोय.

ती हलत नाही. रुमालाखाली अंगठ्यानं तो हात चाचपते, अगदी हळू. चामडं जाड. अंगठ्याचं नख फुटून वाकडं वाढलेलं, खोंडानं पाय दिला होता तेव्हाचं. नखाच्या खाचेत कोरडा चुना.

"हे तुम्ही धरलंय, आप्पा."

"दलाल दोन्हीकडनं असतो, सारे. तुला काय नवीन हाय का?" त्यांचा आवाज नेहमीसारखाच आहे, मायेचा, जरासा खरखरीत. त्यानंच तिला जास्त भीती वाटते.

"काय मागताय?"

"सहा आठवडं कमी पडलं गं. एवढी सारी जनावरं बघितली आयुष्यात. नात तेवढी ऱ्हायली." ते आता तिच्याकडे बघतात, पहिल्यांदाच. "काय नाव ठिवलं?"

"अन्वी."

"अन्... काय?"

"अन्वी, आप्पा."

"जिभेवर ठरंना. हाक मारल्यावर लांबनं ऐकू जाईल असं नाव ठिवावं." ते हसतात. मग हसू जातं. "नुसतं बघतो."

गाडीच्या हौद्यात कडबा अंथरलाय. कडब्यावर अन्वी झोपलीय, ओठ चुटूचुटू. तिला तिथं कुणी ठेवलं? सारिकाला उठायचंय, पण एक हात रुमालाखाली अडकलाय.

"बघा की," ती म्हणते. खरंच दाखवायचीय तिला. दवाखान्यात पहिल्या दिवशी नर्सनं लेक हातात दिली तेव्हा तिनं पहिलं दाराकडे बघितलं होतं, कोण येतंय म्हणून. "बघा, आप्पा. बघायला काय लागतंय?"

"नुसतं बघाया बाजारात कोण येतं गं?" आप्पा हळूच म्हणतात. "बघितलं की हात पुढं जातो."

करंगळीवरची पकड घट्ट होते.

"वासरासकट भाव झालाय," भिंगे कागदावरून मान वर न करता वाचून दाखवतो. "वासरासकट घेतली तर गाडी फुकट आहे, मॅडम. ऑफर आजच्यापुरती. सर हो म्हणालेत."

"हो म्हणून टाकू का?" लांबून, पाण्याच्या आवाजातून, नाथा विचारतोय. "हातची जाईल."

सगळे खुंटे हलायला लागतात. सारिका आप्पांच्या तोंडाकडे बघते. दगडाचा चेहरा. सोनकीच्या दिवशीचा. आणि त्या चेहऱ्याच्या आत, फार आत, कुणीतरी अनवाणी उभं राहून थरथर कापतंय. हे तिला नऊ वर्षांची असताना दिसलं नव्हतं. आता दिसतं.

"न्हाई," ती म्हणते.

"सारे."

"न्हाई, आप्पा. मोडला सौदा."

ती मोकळ्या हातानं रुमालाचा कोपरा धरते आणि सगळं बळ लावून ओढते.

खाली कुणाचाच हात नाही. तिचा एकटीचा, पालथा, टेबलावर.

आप्पा गाड्यांच्या रांगेतून चाललेत, पाठमोरे. फरशीवर पावलं उमटतात, धुळीची. थोडं पुढं जाऊन ते थांबतात. वळत नाहीत.

"असा वढायचा असतो," ते म्हणतात. "मला त्या दिवशी न्हाई जमलं. तू करंगळी धरून हुतीस तरी न्हाई जमलं."

"कितीला दिली होती, आप्पा?"

ते बहुतेक सांगतात. पण कुठंतरी नळ बंद होतो आणि त्या शांततेत त्यांचा आवाज निघून जातो.

सारिका डोळे उघडते. रुमाल तिच्या मुठीत आहे, पार ओढलेला, गोळा झालेला. अन्वी उघडी पडलीय आणि जागी आहे. रडत नाहीये. दाराच्या वरच्या कोपऱ्याकडे बघून पाय उडवतेय, बोळकं पसरून, ओळखीचं माणूस आल्यासारखी.

दारात नाथा उभा आहे, ओल्या हातांनी.

"पावणेतीन झाले. भिंगेचा परत फोन आला होता. काय सांगू त्याला?"

"काही सांगू नका. आज मी बोलते." तिचा आवाज तिलाच नवा वाटतो. "नऊ लाख आणि वर एक बोट."

"एक काय?"

"नऊ दहा. त्याच्या वर गेला तर चहा अर्धा टाकून उठायचं. उठता येईल ना तुम्हाला?"

नाथा हसून मान हलवतो. "तू उठलीस की उठेन."

ती अन्वीला उचलायला वाकते. लेकीची उजवी मूठ गच्च मिटलेली आहे. ती हळूहळू सोडवते, एकेक बोट. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. करंगळीच्या टोकाला काहीतरी पांढरं लागलंय. पीठ असेल, पावडर असेल, म्हणून ती नाकाशी नेते.

चुना आहे. कोरडा, तंबाखूच्या वासाचा.

या घरात तंबाखू कुणी खात नाही.

ती ते इवलंसं बोट हातात धरून बसते. मग रुमालाचा कोपरा ओला करून चुना पुसून काढते, नीट, कातडीला झोंबू नये म्हणून, आणि त्या कोपऱ्याला गाठ मारते.

"हात लावलाच ना शेवटी," ती म्हणते. रागावून म्हणायला जाते, पण जमत नाही.

"कुणाशी बोलतीयस?" बाहेरून नाथा विचारतो.

"कुणाशी नाही. चपला काढून ठेवा माझ्या. आलेच."