अबे, थांबव ते इमान!

दत्ता, मी निघालो त्या दिवशी अमडापूरच्या स्टँडवर माय रडायचं सोडून मला दम देत होती. "तिकडं मोठे लोकं असतात बापा. तोंड सांभाळून बोलजो." महाराष्ट्र नुकताच झाला होता, मी इंजिनिअर झालो होतो आणि विमानाच्या कारखान्यात नोकरीला बंगलोरला चाललो होतो. आबा यष्टीच्या टपावर माझी ट्रंक बांधत होते. तू धाकटा, मिरचीला पाणी सोडलंय म्हणून यष्टी हलायच्या आधीच पळालास. फार राग आला होता तुझा.

कारखान्यात मी खरंच तोंड सांभाळलं. एकदा पुण्याच्या सहकाऱ्यांसमोर 'मले' म्हणून गेलो, तर आठवडाभर हसत होते लेकाचे. मग मी जपून बोलायला लागलो, निम्मं इंग्रजीत. 'येस सर' म्हणताना गाव कळत नाही.

आणि मग तो दिवस आला. नवं विमान पहिल्यांदा उडणार होतं. मांडवात दिल्लीचे पाहुणे, वैमानिक आत बसलेला. इंजिन चढलं की आवाज मधेच किंचित बसायचा. मी पुन्हा पुन्हा कान देऊन ऐकला. कागदावर सगळं ठीक होतं, वरच्यांच्या सह्या झालेल्या. आमच्या चीफ इंजिनिअरांनी इशारा द्यायला हात उचलला. त्या वैमानिकाच्या बायकोनं सकाळीच आम्हाला लाडू वाटले होते. मी धावलो, चीफचा हात धरला आणि ओरडलो, "अबे, थांबव ते इमान! काऊन सोडून राह्यला?"

साहेबाला बे! उड्डाण रद्द झालं, इंजिन उघडायला घेतलं, आणि मला हुकूम मिळाला की रजेवर जा आणि लेखी खुलासा पाठव.

घरी आलो. माय डोक्याला हात लावून बसली. आबा मिरच्या तोडत होते, त्यांनी मानही वर केली नाही. "मंग? नोकरी गेली तं येऊन जाय. वावर कुठी पळून जाऊन राह्यलं?" मला हुंदकाच फुटला.

परतलो तर इंधनाच्या नळीला चीर सापडली होती. चीफनी मला खोलीत बोलावून दार लावलं. म्हणाले, "आवाज मीही ऐकला होता. पण घर कारखान्याचं, मुलींची शाळा कारखान्याची. नोकरी गेली असती तर कुठे गेलो असतो?" एवढा मोठा माणूस! मला त्यांची कीव आली, आणि भीतीही वाटली.

आज त्यांच्या खुर्चीत मी बसतो. शनिवारी विद्यापीठात इंजिनिअरिंग मॅनेजमेंट शिकवतो. हो, तुझा भाऊ प्रोफेसर, हस लेका! पोरं हुशार आहेत, खर्च, तक्ते, वेळापत्रकं झटपट शिकतात. मी विचारतो, साहेब चुकत असेल तर ओरडाल का? सगळे हात वर. मग विचारतो, "आणि नोकरी गेली तर कुठे जाल?" एकेक हात खाली येतो. बहुतेकांकडे परत जायला काहीच नाही रे.

तेव्हा मी फळ्यावर तुझा पत्ता लिहितो. सांगतो, चिखलीला उतरा, अमडापूरची यष्टी धरा, दत्ताचा मळा कोणीही दाखवेल. तुला विचारलं नाही, रागावू नको. आबा गेले, वावर आता तुझं, आणि माझं घर म्हणजे तूच. एखादं अनोळखी पोरगं बॅग घेऊन बांधावर उभं दिसलं, तर काऊन आला म्हणून विचारू नको बे. अगोदर जेवू घाल.