डोमाजी मिस्त्रीची मुक्कामाची गाडी

माह्या डोमाजी मामानं आयुष्यात एकच गाडी घेतली आणि ती घेतली तेव्हा अर्ध्या अकोल्यानं त्याले येड्यात काढलं. चतुरामामीच्या तोंडून ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली की आता मले वाटते मी तिथंच उभी होती. नव्हती. तरी सांगते.

मामा इंजिनाचा मिस्त्री. विहिरीवर ते ऑइल इंजिन असते ना, फुक फुक करत पाणी ओढते, ते बंद पडलं की डोमाजी तायडेले बोलवा, असं अकोल्यापासून अंजनगाव सुर्जीपर्यंत सगळ्यायले माहीत होतं. लढाईच्या टाइमाले तो फौजेत मोटारी दुरुस्त करायचा, तिथंच त्याचा हात बसला. स्क्रू काढायच्या पेचकसाचं टोक इंजिनाले लावायचा, मूठ कानाले लावायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "बेरिंग गेलं." खोलायच्या आधी! आणि खोललं की बेरिंगच गेलेलं असायचं.

पण इंजिन काही एका दिवसात होत नाही. खोला, धुवा, सामान आणाले अमरावतीले जा, परत या. तीन-चार दिवसांचा मुक्काम पडतेच. आणि मुक्काम म्हटला की खरी गोष्ट तिथून सुरू होते. मामा छप्पन सालीच नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आलेला. आपण बुद्धाचे झालो, जुनं सारं सोडलं. पण गावोगावचे पाटील कुठं काय सोडून राहिले होते! इंजिन बिघडलं की "मिस्त्री, मिस्त्री" करत दारात यायचे, आणि रात्री त्याच मिस्त्रीले झोपायले गोठा.

एकसष्टच्या जानेवारीत तो अंजनगावले पुंजारामच्या पानमळ्यावर होता. पुंजाराम म्हणजे चांगला शेतकरी, मनाचाही वाईट नाही. थंडी अशी होती की पेचकस हातातून सुटायचा. मामानं विचारलं, "आजच्या रात ओसरीवर पडू का?" पुंजारामनं आत पाहिलं. त्याची माय पार्वताबाई आतून म्हणाली, "मिस्त्री, गोठ्यातच बरं. बैलायपाशी ऊब असते रे बाबा."

तिनं मायेनंच म्हटलं होतं! मामी म्हणते, शिवी दिली असती तर मामा विसरला असता. हे विसरता नाही आलं.

घरी आला, पेटी ठेवली, हातपायही धुतले नाहीत. "चतुरे, आजपासून मुक्कामाचं काम बंद. आपलं छप्पर आपल्यासंगं येईन तवाच मी मुक्कामाले जाईन."

"छप्पर पाठीवर न्याले तुमी का गोगलगाय होय?"

"गोगलगाय तं गोगलगाय. मोटर घेतो. तिच्यातच झोपाचं, तिच्यातच खायाचं."

मामीले आधी वाटलं दोन दिवसात उतरन डोक्यातून. नाही उतरलं. मामानं खरंच मुक्कामाची कामं बंद केली. सायकलवर जाऊन सांजच्याले परत येता येईन तेवढीच करायची. लोकं घरी येऊन हात जोडत, तो म्हणायचा, गाडी आली की येतो. घरातलं वरण पातळ होत चाललं. एक दिवस मामी फक्त एवढंच म्हणाली, "गाडी घेसान तं मीबी संगं येईन. मले घरी ठेवून एकटेच गोगलगाय नका होऊ. आन मले उभं राहता आलं पाहिजे आत. वाकून वाकून सैपाक म्या लय केला."

मग गाड्या पाहणं सुरू झालं. आता मामाची गाडी पाहायची रीत ऐका. तो इंजिनाले पेचकस लावून कान देऊन ऐकायचा आणि मग सरळ आत जाऊन आडवा व्हायचा! मामी मधोमध उभी राहायची, डोक्यावरून पदर घेऊन, पदर छताले लागते का पाहायची. बस्स. चाकं, रंग, गाद्या, कशाकडं पाहायचे नाहीत.

अमरावतीले फौजेचा एक जुना ट्रक विकाले होता. मामा त्यात लोळला, मामी उभी राहिली, दोघांले जागा भरपूर. मामी तर खुश. पण मामा खाली उतरून चाकांभोवती फिरला आणि मान हलवली. एवढं धूड पांदणीत घालायचं कसं? पांदण म्हणजे वावरात जायची बैलगाडीची वाट. काळ्या मातीत हा ट्रक आषाढात बसला तर पोळ्याले निघन, असं म्हणाला. मग बाळापूरले एका शेटजीची लाकडी पाठीची मोटर पाहिली. मामा आत झोपला तर पाय बाहेर.

शेटजीचा ड्रायव्हर हसून हसून बेजार. "काहो मिस्त्री, गाडी पाहून राहिले का खाट?"

"खाटच पाहून राहिलो भाऊ. पायाची खाट सगळ्यायपाशी हाये, मले चाकाची पाहिजे."

मामी आत गेलीच नाही. म्हणाली, "याच्यात तं कोंबडीबी वाकून जाईन."

असे दोन महिने गेले. मार्च उजाडला. उन्हाळ्यात तर इंजिनं दिवसरात्र चालतात आणि पटापट बिघडतात, खरी कमाई तेव्हाच. पुंजारामचा निरोप आला, इंजिन कुरकुर करून राहिलं, लवकर या. मामानं उलट निरोप दिला, गाडी आली की येतो. एव्हाना लोकं या गाडीवर हसायले लागले होते. चौकात कोणी विचारायचं, "काय डोमाजी, महाल बांधून झाला का चाकावरचा?" तो म्हणायचा, "पाया खोदून राहिलो."

आणि मग अकोल्यातच एका दवाखान्याच्या आवारात जुन्या सामानाचा लिलाव निघाला. त्यात एक गाडी होती. छोटी, हलकी, उंच, मागं लांबच लांब सपाट जागा, इंजिन ठणठणीत. मामानं पेचकस लावून ऐकलं आणि त्याचे डोळे चमकले. अशी गाडी इतकी स्वस्त कशी, म्हणून चौकीदाराले विचारलं.

चौकीदार म्हणाला, "मुर्द्याची हाये. मढे नेत होते तिच्यात."

मामी तिथूनच मागं फिरली.

"चतुरे, थांब. आपुन जुनं सारं सोडलं ना?"

"देव सोडले म्या. भुतं अजून सुटली नाईत. मी नाई झोपनार तिच्यात."

"झोपू नको. फक्त उभी राहून पाह. दिवसाढवळ्या, भर उन्हात. डोक्याले लागते का एवढंच पाह."

मामानं तिले आयुष्यात कधी जबरदस्ती केली नाही, तेव्हाही नाही केली. तो एकटाच आत गेला. आडवा झाला. पूर्ण पाय पसरले, वरून हातभर जागा उरली. आणि तो तिथंच पडून राहिला, छताकडं पाहत. मामी म्हणते, त्याचं तोंड असं झालं होतं जसं तीन महिन्यांनी त्याची पाठ टेकली. तिनं नाक दाबलं, लुगडं सावरलं आणि चढली. उभी राहिली. पदर छताले नाही लागला!

तेवढ्यात वारा आला आणि मागचं दार धाडकन लागलं.

आत काळोख. मामानं हात फिरवला दारावर, कडी शोधली. कडीच नाही! खटका नाही, मूठ नाही, साधं भोकही नाही. आणि तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मढ्याले आतून दार कशाले उघडा लागते? पाच मैलांवरून इंजिनाचा आवाज ओळखणारा माणूस, पेचकस लावून कान दिला, झोपून पाहिलं, आणि दार पाहिलंच नाही!

मामीनं मामाचा सदरा घट्ट धरला. मामानं दोन्ही मुठींनी दार बडवायले सुरुवात केली. "अरे खोला! कोन हाये का? खोला!"

बाहेर काय झालं ते ऐका. लिलावाले आलेले चार-पाच जण, भंगारवाला, हॉटेलवाला, कारकून, सगळे लिंबाखाली चहा पिऊन राहिले होते. त्यांनी पाहिलं की मुर्द्याची बंद गाडी आतून धडधड करून राहिली आणि "खोला खोला" म्हणून राहिली. कपबशा तिथंच! भंगारवाला एका चपलेवर पळाला. कारकून वही डोक्यावर धरून पळाला, वहीनं भूत आडवलं जाते की काय कोण जाणे. आणि चौकीदार, ज्याले माहीत होतं की आत दोन जितेजागते माणसं गेले, तोही भिंतीवर चढला!

गाडीच्या पत्र्याले बाजूनं एक फट होती. मामीनं तिच्यातून पाहिलं. आधी तिले समजलं नाही हे पळून काहून राहिले. मग समजलं. आणि ती हसायले लागली. अशी हसली, अशी हसली की खाली बसली, डोळ्यातून पाणी.

"अवं माय! आयकता का? पळून गेले सारे! आपल्याले भेऊन!"

"तू हासून काय राहिली? दम कोंडन इथं."

"आजवर लोकं बाटतो म्हनून दूर व्हायचे आपल्यापासून. भेऊन पळालेले आजच पाह्यले." मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "घ्या हेच गाडी. मेलेल्या मानसाले झोपाले जागा देल्ली हिनं, कोनाले जात नाई इचारली. आपल्यालेबी देईन."

मामानं खिशातला पेचकस काढला. ड्रायव्हरच्या आणि मागच्या मध्ये पत्र्याचा पडदा होता, त्याचे स्क्रू चाचपत चाचपत एकेक काढले. घामानं निथळत ड्रायव्हरच्या दारातून बाहेर आला. भिंतीच्या आडून कारकुनानं विचारलं, "क... कोण?"

"डोमाजी तायडे. गाडी मले घ्याची हाये. बोला."

दुसरा बोली लावायले होताच कोण!

गाडी घरी आली तशी गल्लीत बोंब झाली. मामी दोन दिवस फिनाईलनं धूत बसली. मामानं सगळ्यात आधी दाराले आतून कडी बसवली, मग बाकीचं. बाजूनं खिडकी कापली. एक फळी भिंतीले बिजागरीवर लावली, खाली पाडली की पलंग, वर केली की मोकळं. हत्यारायची पेटी ड्रायव्हरच्या मागं, स्टोव्हले कोपरा, मडक्याले कडं. रंग मामाले निळा पाहिजे होता. मामी म्हणाली पिवळा द्या, दुरून दिसन. पिवळा झाला.

पण 'मढ्याची गाडी' हे नाव काही रंगानं बुजत नाही. एप्रिलच्या सुरुवातीले पुंजाराम स्वतः आला, धुळीनं भरलेला. इंजिन पार बंद पडलं होतं. आणि पानवेलीले पाणी नाही तर दोन दिवसात पानं माना टाकतात, वर्षाचा मळा हातचा जाते. अमरावतीचा मिस्त्री येऊन गेला, त्याले जमलं नाही.

मामा म्हणाला, "चाला पुंजारामभाऊ. गाडी तयार हाये." आधी तो त्याले मालक म्हणायचा.

पुंजारामनं अंगणातल्या गाडीकडं पाहिलं आणि खाली पाहिलं. "मिस्त्री, हे गाडी... गावात सारं माहीत झालं. माय म्हनते, मढ्याची गाडी मळ्यात नोको. बाया विहिरीवर येनार नाईत. तुमी मोटरस्टँडवरून या, मी बैलगाडी धाडतो. आन यावेळेस ओसरीवर झोपा ना. मी मायले सांगतो."

मामी दारातून ऐकून राहिली होती. ओसरी! जानेवारीत जी मागितली तीच आता चालून आली. हो म्हटलं असतं तर मळा वाचत होता, कमाई होत होती, सगळं होत होतं. मामानं जाऊन गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "ओसरी तुमची, पुंजारामभाऊ. तुमी देसान तवा भेटन, आन नाई म्हनसान तवा नाई भेटनार. गाडी येईन तं मी येईन. मळ्यात, विहिरीपाशी, इंजिनाजवळ उभी राहीन ते. पाय्जे तं इचार करा."

पुंजाराम विचार करायले उंबऱ्याबाहेर जाऊन बसला. उन्हात. मामीनं पाणी नेऊन दिलं. त्यानं तांब्याकडं पाहिलं, मामीकडं पाहिलं. अंजनगावहून रातभर सायकल मारून आलेला माणूस. प्याला. घटाघट प्याला.

"चाला," म्हणाला. "मायले मी पाहून घेईन."

सायकल छतावर बांधली. पुंजाराम पुढं बसला, दाराले चिकटून, मागं एकदाही वळून पाहिलं नाही. पांदणीशी आल्यावर नवीनच घोळ. गाडी उंच आणि दोन्हीकडून बाभळी खाली वाकलेल्या. काटे पत्र्याले खरडायले लागले. मामानं ब्रेक दाबला. पुंजाराम खाली उतरला, जवळच्या वावरातून कोणाची तरी कुऱ्हाड मागून आणली आणि गाडीच्या पुढं पुढं चालत फांद्या तोडायले लागला. धोतर काट्यात फाटलं. बांधावर चार लोकं जमले पाहायले. एक जण ओरडला, "काहो पुंजारामभाऊ, कोनाच्या मयताले वाट करून राहिले?"

"मिस्त्रीच्या गाडीले!" तो तिथूनच ओरडला. "तुहं इंजिन बिघडलं का तूबी तोडशीन!"

पार्वताबाई मळ्यात आली नाही. बायाही आल्या नाहीत, दुरून पाहत राहिल्या. पुंजारामले हँडल फिरवायले लावून मामानं कान लावला, डोळे मिटले, म्हणाला व्हॉल्व्ह. सामान पेटीत होतंच, यावेळी सगळी पेटीच सोबत होती. दिवस कलायच्या आत इंजिन फुक फुक करायले लागलं आणि पाणी पाटात आलं. पुंजाराम वाफ्यात पाय बुडवून उभा राहिला, लहान पोरासारखा.

मग मामाजवळ येऊन म्हणाला, "झालं तं सारं. एक दिवसातच झालं. आता निघसान ना अंधार पडाच्या आत?"

हात पुसत मामानं गाडीकडं पाहिलं. मामी आत उभी होती, सरळ ताठ उभी, आणि स्टोव्हवर भाकर टाकून राहिली होती.

"नाई," मामा म्हणाला. "आज मुक्काम हाये."