खाडीतलं सेमिस्टर

परवा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी चिखलाने माखलेल्या नऊ जोडी पायांचा फोटो टाकला, आणि झालं! दिवसभर ऑफिसात कुणाचंच कामात लक्ष नाही. जुन्या किश्श्यांचं असंच आहे, एकाचं शेपूट धरून दुसरा येतो.

उल्हासनगरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी आमचं एक अख्खं सेमिस्टर वर्गाबाहेर झालं. बदलापूरपासून उल्हास नदीच्या काठाकाठाने खाली थेट खाडीपर्यंत जायचं. मासे, झाडं, देवळं, माणसं, सगळं वहीत उतरवायचं. आम्ही नऊ जण आणि करमरकर मॅडम. माझी आई म्हणाली, "नदीच बघायची तर घरामागे आहे की! त्याला फी कसली?"

*

पाणी किती गढूळ आहे ते मोजायला एक काळी-पांढरी तबकडी लागते. दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि कुठे दिसेनाशी होते ते बघायचं. मॅडम म्हणाल्या, मागवायला वेळ लागेल. वर्गातला हरीश म्हणाला, "मागवायची कशाला? उल्हासनगरमें क्या नहीं बनता?" त्याच्या वडिलांचं जीन्सचं वर्कशॉप, ओळखी भरपूर.

दोन दिवसांनी पठ्ठ्या बारा तबकड्या घेऊन हजर! प्रत्येक पिशवीत बंद, वर स्टिकर.

"अरे, एक सांगितली होती ना?"

"मॅडम, डझन के नीचे कारीगर बात ही नहीं करता!"

त्यातली एक अजून माझ्याकडे आहे. दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून अगदी फिट बसते.

*

अंबरनाथला शिवमंदिराजवळ, उल्हासला मिळणाऱ्या वालधुनी नदीच्या काठी एक बाई गोधड्या वाळत घालत होत्या. आम्ही प्रश्नावली काढली. मी घसा साफ करून विचारलं, "मावशी, पूर्वी ही नदी कशी होती?"

"मी मागच्या साली आले लातूरवरनं," मावशी म्हणाल्या. "तुम्ही इथलेच न्हवं? तुम्हीच सांगा, कशी होती?"

मी प्रश्नावली मिटली. मॅडमनी तिथल्या तिथे तोच प्रश्न आम्हाला होमवर्क म्हणून दिला. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा वडिलांशी तासभर नदीबद्दल बोलले. किती बरं वाटलं होतं!

*

आमच्यातला जगदीश, म्हणजे जग्या, कल्याणच्या पुढचा, खाडीकाठच्या आगरी घरातला. त्याचे वडील धर्माकाका आम्हाला होडीतून नेत. जग्याचे आधीचे दोन विषय राहिले होते आणि हाही गेला असता तर वर्षच गेलं असतं. काकांनी आनंदनगरच्या एका कंपनीत पॅकिंगला त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. म्हणायचे, "पास झाला तं शिकंल. नाय झाला तं सोमवारपासून कंपनीन."

खाडीवरच्या पहिल्या दिवशी आम्ही मुंबईच्या भरतीचं छापील वेळापत्रक घेऊन बरोबर वेळेवर काठावर पोचलो. समोर नुसता चिखल! उन्हात दोन तास बसलो. काका जाळं शिवत होते. शेवटी मॅडमनीच विचारलं, पाणी कधी येणार?

"पानी तुमच्या कागदाव आला, बाय," काका म्हणाले. "इथं यायचा हाय."

मग त्यांनी हिशोब शिकवला. तिथीचा आकडा पाऊणपट केला की मुंबईच्या भरतीची वेळ, वर दोन तास घातले की त्यांच्या गावची. जग्याने आपला सगळा रिपोर्ट याच एका गोष्टीवर लिहिला.

*

आता शेवटचा. तोंडी परीक्षेला बाहेरून एक सर आले. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. जग्याचा रिपोर्ट उघडून म्हणाले, "या वेळा कुठल्या पुस्तकातून घेतल्या?"

"बाबांकडून, सर."

"बाबा म्हणजे पुस्तक नव्हे. संदर्भ नसेल तर मला पास करता येणार नाही."

जग्याचा चेहरा पांढराफटक. आम्ही दाराआडून ऐकत होतो. तेवढ्यात मॅडम उठल्या.

"संदर्भ खाडीवर आहे, सर. रिक्षाने तासभर. येताय?"

सर आले! बूट काठावर ठेवून होडीत बसले. त्या दिवशी तृतीया, म्हणजे तिनाची पाऊणपट सव्वादोन, वर दोन तास. जग्याच्या हिशोबाने पाणी सव्वाचारला परतायचं होतं. काकांनी खाडीच्या मधोमध होडी उभी केली आणि नारळाचं एक सोडण, म्हणजे वरची सुकी साल, पाण्यात टाकलं. ते हळूहळू कल्याणच्या दिशेने निघालं. सर घड्याळाकडे बघत होते, जग्या पाण्याकडे, आणि मी जग्याकडे.

सव्वाचारला एखाद-दोन मिनिटं कमी असताना सोडण थांबलं. जागच्या जागी जरा डुललं. मग उलटं फिरून समुद्राकडे चालायला लागलं.

"हं," सर म्हणाले. मग दोन्ही हातांनी होडीची कड घट्ट धरून म्हणाले, "चला, घ्या काठाला."

काकांनी वल्हं उचललं आणि मांडीवर आडवं ठेवलं.

"सायेब, पोऱ्या पास हाय क?"

"ते असं इथे सांगता येत नाही. नियम असतो. काठावर गेल्यावर बघू."

काका शांतपणे म्हणाले, "पयलं सांगा. मंग काठ."