ताप चढायच्या आधी

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मी एकोणीस वर्षांची होते, नगर जिल्ह्यातल्या बेलापूरजवळच्या एका वस्तीवर नांदत होते आणि पहिल्यांदाच दिवस गेले होते. आठवा महिना चालू असताना एका सकाळी चुलीपुढून उठले, तर पायांवरून पाणी वाहिलं. कळ एकही नव्हती. सासूबाईंनी घाबरून गावातल्या दाईला बोलावलं. साठी उलटलेली मुसलमान बाई. सगळं गाव तिला चाची म्हणायचं.

चाचीनं वरून पोट चाचपलं, एवढंच.

"आतून बघ की जरा," सासूबाई म्हणाल्या.

"न्हाई. पानी गेलंय, दार उघडं हाय. माझ्या हातानं घान आत जाईल." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरी, निजून ऱ्हायचं. धुतलेलंच फडकं घ्यायचं, अन् भिजलेलं टाकायचं न्हाई. मला दावायचं."

ती सकाळ-संध्याकाळ यायची. फडकं उजेडात धरून रंग बघायची, हुंगायची, माझं मनगट धरून बसायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चार दिवस ती नुसती मान हलवून गेली.

पाचव्या सकाळी तिनं फडकं दोनदा हुंगलं. पोटावर हात ठेवला तशी मी कळवळले.

"गाडी जुपा. हिला नगरला न्यायचं."

"अगं, अंग तर गार आहे तिचं," सासूबाई म्हणाल्या.

"तापाची वाट बघायची न्हाई."

बैलगाडीनं स्टेशन गाठलं, तिथून रेल्वेनं नगर. चाची सगळी वाट माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. दवाखान्यात नर्सनं थर्मामीटर लावला आणि ताप नाही म्हणून सांगितलं. चार दिवस झोपून राहा, म्हणाली. चाची जागची हलली नाही. "मोठ्या बाईला बोलवा," एवढंच म्हणत राहिली.

डॉक्टरीणबाई आल्या. चाचीनं पिशवीतून सकाळचं फडकं काढून पुढं केलं. मला वाटलं, आता रागावतील. पण त्यांनीही ते नाकाशी नेलं. मग माझ्या पोटावर लाकडी नळी टेकवून कान लावला आणि घड्याळ बघत राहिल्या.

"बाळाचे ठोके फार जोरात पडताहेत," त्या नर्सला म्हणाल्या. "आईची नाडीही पळतेय. आत पू धरायला लागलाय. बाळंतपण आता लांबवायचं नाही."

मला पू आटोक्यात ठेवणाऱ्या सल्फाच्या गोळ्या दिल्या, कळा यायचं औषध दिलं. संध्याकाळी थंडी वाजून ताप चढलाच, पण तोवर इलाज सुरू झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. तिला कापसात गुंडाळून दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. तिसऱ्या दिवशी माझा ताप उतरला.

"तुम्ही थांबला असता, तर दोघींपैकी एकही वाचली नसती," डॉक्टरीणबाई चाचीला म्हणाल्या. "कसं ओळखलंत?"

चाची खाली बघत म्हणाली, "माझी लेक अशीच गेली, बाई. वास मला आला हुता. पन अंग गार हुतं, म्हनून मी थांबले."

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला. बराच वेळ तो सोडला नाही.

मुलगी सव्वा महिन्याची झाल्यावर मी तिला चाचीच्या घरी नेलं. पाया पडायला वाकले. तिनं मला अर्ध्यातच धरलं आणि पोरीला घेऊन दारातल्या उन्हात बसली. एका बाईनं आपलं सगळ्यात मोठं दुःख मला वाचवायला वापरलं, हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली.