डाव्या खांद्यावरून येणारा चेंडू

त्या हिवाळ्यात टॉबी रेनिकने आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. आदल्या वर्षी याच पोराने एकट्याने एकाहत्तर गोल मारून आमच्या गावच्या संघाला, मर्डोक क्रीकला, अंतिम सामन्यापर्यंत नेलं होतं. आणि यंदा नऊ सामने झाले तरी त्याचे गोल अकरा. आमचा ऑस्ट्रेलियातला फुटबॉल म्हणजे चेंडू हाताने झेलायचा आणि लाथेने खांबांमधून घालवायचा. आमच्याकडे शनिवारी दुपारी मैदानाभोवती कुंपणाला नाक लावून गाड्या उभ्या असतात, आणि आपला गोल झाला की सगळे मिळून हॉर्न वाजवतात. त्या वर्षी मर्व्ह म्हणायचा, "माझी गाडी आता मुकी झाली बहुतेक."

मर्व्ह क्विल्टर म्हणजे आमच्या टोळक्याचा म्होरक्या. जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरली, तरुणपणी क्लबकडून खेळला, आणि त्या दिवसांची आठवण कुणी काढली नाही तर स्वतःच काढतो. दुसरा स्टाव्ह, तळलेल्या माशांचं दुकान चालवणारा. तिसरा मी, पोस्टातून निवृत्त झालेला. आणि चौथी ग्लेनिस पॅस्को. ही गोष्ट तिची आहे.

ग्लेनिस सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवत होती. सकाळी पावणेसातला निघायची आणि खडीच्या रस्त्यांवरून एकेका शेताच्या फाटकाशी थांबत सत्तर किलोमीटरचा फेरा करायची. गावातल्या निम्म्या तरण्या माणसांना तिने कधी ना कधी "खाली बस, नाहीतर उतरवीन" असं सुनावलं होतं. टॉबी त्यातलाच. पाच वर्षांचा असल्यापासून तो तिच्या बसमध्ये तिच्या मागच्याच सीटवर बसायचा. आता तो चोवीस वर्षांचा होता, गव्हाच्या कोठारावर काम करत होता, आणि घरी बायको जेस आणि चार महिन्यांची मुलगी होती.

दहावा सामना आमच्याच मैदानावर होता. गारठा असा की थर्मासमधला चहा कपात ओतेपर्यंत निवायचा. दुसऱ्या क्वार्टरमध्ये टॉबीच्या डोक्यावरून एक सोपा चेंडू निघून गेला आणि मर्व्ह कुंपणावर मूठ आपटून ओरडला, "अरे, डोळे काय घरी ठेवून आलास का?"

"ओरडू नकोस रे त्याच्यावर," स्टाव्ह म्हणाला. "हात बघ त्याचे. फावडी आहेत नुसती. एकदा चेंडू हातात आला की सुटत नाही."

"फावडी असून उपयोग काय? चेंडू पकडायचा असतो, उकरायचा नसतो."

"उडी तरी मानशील की नाही? जिल्ह्यात कुणाची आहे तशी?"

"उडी आहे, मान्य. पण मारतो कधी? चेंडू निघून गेल्यावर! टाटा करायला उडी मारतो तो. आणि लाथ बघितलीस? मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण मिळतात, हा कडेच्या खांबांतून घालवून एकेक गोळा करतोय, भिकाऱ्यासारखा."

"लाथ लांब जाते पण त्याची. साठ मीटर."

"साठ मीटर चुकीच्या दिशेला! मी सांगतो तुला, बाळ झाल्यापासून पोरगा मऊ पडला. अंगावर माणूस येताना दिसला की आकसतो."

"आकसत नाही," ग्लेनिस म्हणाली. तिची नजर मैदानावरच होती. "येणारा माणूस त्याला कळतच नाही. आज सात चेंडू आले त्याच्याकडे. उजवीकडून आलेले तीन आणि समोरचा एक, हे चारही घेतले त्याने. डाव्या खांद्यावरून तीन आले. तिन्ही सुटले."

मर्व्ह हसला. "म्हणजे आळससुद्धा एकाच बाजूचा आहे!"

स्टाव्हही हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. ग्लेनिस हसली नाही. तिने थर्मासचं झाकण लावलं.

परतताना मी तिच्या गाडीत होतो. ती म्हणाली, "दुसऱ्या सामन्यात त्याच्या डोळ्यापाशी कुणाचा तरी गुडघा लागला होता. आठवतं?"

"आठवतं. उठून खेळला की लगेच."

"हो. रेसुद्धा लगेच कामावर गेला होता."

रे म्हणजे तिचा नवरा. मालट्रक चालवायचा. एकदा मालाला बांधलेली साखळी तुटून त्याच्या कपाळावर बसली. पुढे काही दिवसांनी तो म्हणायला लागला, एका बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटतं. गव्हाची कापणी ऐन भरात होती. रे म्हणाला, हंगाम संपू दे, मग डॉक्टरकडे जाऊ. दाराच्या चौकटीला त्याचा खांदा घासतोय हे ग्लेनिस रोज बघत होती, पण तीही म्हणाली, संपू दे हंगाम. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय, आणि आता उशीर झालाय. आधी डोळा गेला, मग ट्रक गेला, आणि त्यानंतर रे पूर्वीचा रे राहिलाच नाही. तो जाऊन तीन वर्षं झाली होती.

"माझा भ्रमही असेल," ग्लेनिस म्हणाली. "प्रत्येकात मला रेच दिसत असेल." पण पुढच्याच वळणावर तिने मला विचारलं, पोरांचा सराव कुठल्या वारी असतो.

मंगळवारी ती सरावाला गेली आणि टॉबीला त्याच्या पिकअपपाशी गाठलं. काय बोलणं झालं ते तिने मला नंतर सांगितलं.

"टॉबी, डाव्या डोळ्याला काही होतंय का रे?"

"नाही. का?"

"वरच्या बाजूला सावली? काजवे चमकल्यासारखं?"

त्याने पिकअपचं दार उघडलं आणि परत लावलं. तेवढ्यावरून ती समजली.

"मिसेस पॅस्को, मी आता तुमच्या बसमध्ये नाही."

"अरे, हसण्यावारी नेऊ नकोस. माझ्या रेला..."

"माहितीये मला रेकाकांचं. सगळ्या गावाला माहितीये. हे बघा, सहा आठवडे राहिलेत. आधीच कोच मला दुसऱ्या संघात टाकायला टपलाय. कोठारावर मोठी गाडी चालवण्याचं लायसन्स लागतं. डोळ्याबद्दल कुणी एक शब्द काढला की दोन्हीकडून बाहेर. हंगाम संपला की दाखवतो डॉक्टरला. आता कुणाला सांगू नका. वचन द्या."

तिने वचन दिलं नाही. ती सरळ वेंडीकडे गेली. वेंडी आमच्या दवाखान्यात नर्स आहे आणि शनिवारी क्लबच्या खेळाडूंची मलमपट्टी करते. गुरुवारी वेंडीने टॉबीला उभं करून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. एकेक डोळा झाकून त्याने सगळी खडाखडा वाचली. समोरचं त्याला दिसतच होतं. वेंडीने ग्लेनिसला फोन करून सांगितलं, "काही नाहीये गं. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

शुक्रवारी पोरांना घरी सोडताना ग्लेनिस एका फाटकाशी थांबायचंच विसरली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

शनिवारचा सामना शेजारच्या गावी, नोलन्स फ्लॅटला होता. ग्लेनिस आमच्याबरोबर आली, पण कुंपणाशी उभी राहीना. गाडीत बसून राहायची, बाहेर यायची, दोन मिनिटं बघायची, परत गाडीत. दोनदा टॉबीच्या डाव्या अंगाला धावत येणारा माणूस आदळला आणि दोन्ही वेळा टॉबी बेसावध होता. दुसऱ्यांदा त्याला उठायला वेळ लागला. त्या गावच्या लोकांनी टाळ्या पिटल्या. मर्व्ह ओरडला, "झोप झाली का रे रेनिक? चहा पाठवू?"

"गप्प बस, मर्व्ह!" ग्लेनिस एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या गाडीतलं कुत्रं भुंकायला लागलं. मर्व्ह खरंच गप्प बसला.

तिसरा क्वार्टर संपला. शेवटच्या क्वार्टरआधी खेळाडू मैदानाच्या मधोमध रिंगण करून उभे राहतात आणि कोच त्यांच्याशी बोलतो. आमच्याकडे प्रेक्षकही आत जाऊन त्यांच्याभोवती उभे राहतात. पोरं-टोरं, म्हातारे, कुत्री, सगळे. आम्ही गेलो. ग्लेनिस आमच्या पुढे चालत होती. मला वाटलं, ती वेंडीशी बोलायला चाललीय.

ती टॉबीच्या मागे, डाव्या हाताला जाऊन उभी राहिली. तिने लोकरीचे लाल हातमोजे घातले होते. तिने डावा हात वर उचलला आणि टॉबीच्या कानाच्या पुढे, डोक्याच्या थोडा वर, बोटं हलवायला लागली. टॉबी कोचकडे बघत होता. पापणीसुद्धा लवली नाही त्याची. कोच बोलता बोलता अडखळला. त्याच्याकडे तोंड करून उभे असलेले खेळाडू एकेक करून तिकडे बघायला लागले. ग्लेनिसने हात आणखी पुढे नेला, जोरात हलवला. तरीही नाही. मग तिने तो हात खाली घेतला आणि दुसरा हात तसाच त्याच्या उजव्या बाजूला नेला. टॉबी लगेच वळला.

"काय आहे?" तो म्हणाला. मग त्याने सगळ्यांचे चेहरे बघितले.

वेंडी पुढे आली. "टॉबी, समोरच बघ. डावीकडे वर काय दिसतंय तुला?"

"आकाश."

"तिथे माझा हात आहे रे."

मर्व्ह माझ्या शेजारी उभा होता. त्याने टोपी काढली आणि हातात धरली.

टॉबी ग्लेनिसकडे वळला. मला वाटलं, तो तिच्यावर ओरडणार. पण तो हळूच म्हणाला, "सगळ्या गावासमोर?" आणि एकटाच कपडे बदलायच्या खोलीकडे चालायला लागला.

वेंडीने मेलबर्नच्या डोळ्यांच्या इस्पितळाला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, उद्या नाही, आत्ता निघा. जेस तान्ह्या मुलीला घेऊन घरी होती. ग्लेनिस म्हणाली, मी नेते. साडेतीन तासांची वाट. मी पुढे बसलो, टॉबी मागे. धक्का लागू नये म्हणून ग्लेनिस प्रत्येक खड्ड्याला वेग कमी करत होती. आरशात दर मिनिटाला बघत होती. टॉबी एवढ्या प्रवासात एकच वाक्य बोलला, वाटेतल्या बॅलरॅट शहराच्या अलीकडे. "हीटर कमी करा."

रविवारी सकाळी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, पडदा खालून सुटत सुटत दृष्टीच्या मध्यापर्यंत येऊन ठेपला होता. आणखी आठ दिवस गेले असते, किंवा एक चांगला धक्का बसला असता, तर डोळा गेला होता. आता बराचसा वाचला. गाडी चालवता येईल, काम करता येईल. फुटबॉल मात्र नाही. कधीच नाही. हे ऐकून टॉबीने भिंतीकडे तोंड केलं.

तुम्हाला वाटेल, गावाने ग्लेनिसला डोक्यावर घेतलं असेल. तसं झालं नाही. निम्मे लोक म्हणाले, पोराचा डोळा वाचवला. निम्मे म्हणाले, चारचौघांत उघडं पाडायची काय गरज होती, बाजूला घेऊन सांगता येत नव्हतं? बाजूला घेऊन तिने सांगितलं होतं, हे मी किती जणांना ऐकवलं, पण अफवेला जेवढे पाय असतात तेवढे खऱ्याला नसतात. एके दिवशी मर्व्ह तिच्या घरी पिकअपभर लाकडं घेऊन गेला, दोन तास एकटाच ती रचत बसला आणि चहा न घेता निघाला. निघताना एवढंच म्हणाला, "मी त्याला झोप झाली का म्हणालो, ग्लेनिस."

ग्लेनिसची काळजी मात्र संपली नाही, तिने फक्त रूप बदललं. मला भेटली की तोच प्रश्न. "दुसरा मार्ग होता का रे? जेसला सांगायला हवं होतं का आधी?" मी दर वेळी नाही म्हणायचो. तिला ते पटायचं नाही. मलाही पूर्ण पटलेलं होतं असं नाही.

नोव्हेंबरात, कापणीच्या दिवसांत, टॉबी बसच्या शेडमध्ये आला. ग्लेनिस बस धूत होती. तिने नळ बंद केला.

"मी अजून रागावलेलोच आहे," तो म्हणाला.

"असू दे."

"डॉक्टरांनी सांगितलं ते मला कळतं. तुमचं बरोबर होतं, तेही कळतं. पण मी वळलो तेव्हा सगळे माझ्याकडे कसे बघत होते, ते रोज डोळ्यांसमोर येतं."

"माझ्याही येतं."

त्याने बसच्या चाकावरचा चिखल बुटाने खरवडला. मग म्हणाला, "रेकाकांनी कधी विचारलं का तुम्हाला? की तू का नाही बोललीस?"

"एकदा विचारलं होतं."

"मग?"

"म्हटलं, घाबरले होते."

टॉबीने मान हलवली. तिने चहा दिला, तो त्याने निम्मा प्यायला आणि कोठारावर गाड्यांची रांग लागलीय असं सांगून निघून गेला.

पुढची दोन वर्षं तो मैदानाकडे फिरकला नाही. शनिवारी धरणावर मासे पकडायला जायचा. जेस मुलीला घेऊन यायची आणि आमच्याजवळ बसायची. तिसऱ्या वर्षी जूनमध्ये एका दुपारी तो आला आणि लांब, पलीकडच्या टोकाला एकटाच उभा राहिला. मर्व्हने त्याला बघितलं, आणि कुंपणाच्या कडेकडेने सगळ्या मैदानाला वळसा घालून त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. काय बोलले असतील ते माहीत नाही. थोड्या वेळाने दोघेही हातवारे करून भांडताना दिसले, नवा गोल मारणारा पोरगा कसा आहे यावरून असणार.

"जातेस का तिकडे?" मी ग्लेनिसला विचारलं.

"नको," ती म्हणाली. "आज नको." पण सामना संपेपर्यंत तिने मैदानाकडे फारसं बघितलंच नाही. ती त्या टोकाकडेच बघत होती.